टाइपरायटरचा 'क'

१

आनंदनगर एमआयडीसीला सुट्टी शुक्रवारी. बाकी जगाचा रविवार तिथे कामाचा दिवस. म्हणून दोन हजार सहाच्या नोव्हेंबरातल्या त्या रविवारीही यशोधरा शेजवळ साडेआठला औषधांच्या कारखान्यात हजर झाली. दिवसभर गोळ्यांच्या पाकिटांवरचे बॅच नंबर आणि तारखा तपासत बसली आणि संध्याकाळी साडेपाचला अंबरनाथच्या आपल्या इमारतीचे दोन जिने चढून वर आली. दार बंद होतं. लॅच ओढलेलं. तिने पर्समधून किल्ली काढली.

राजरत्न वेताच्या खुर्चीत बसला होता, मान डाव्या खांद्यावर. तिने हाक मारली नाही. कपाळाला हात लावला आणि काढून घेतला. पायातल्या चपला तशाच होत्या, त्या काढून ठेवल्या आणि समोरच्या काशीला बोलावलं.

"हार्ट अटॅक," डॉक्टर म्हणाले. "चारच्या आसपास गेलेत. दुसरा होता ना हा?"

तिने मान हलवली.

"कोणी जवळ असतं तर..." ते म्हणाले आणि कागदावर सही करायला लागले.

नाशिकहून पायल आली, जावई आला, माणसं आली आणि गेली. बायका म्हणाल्या, रडून घे. यशोधराला रडू येत नव्हतं. अंगात कुठे काही हलतच नव्हतं. भात शिजलाय की नाही हे बोटाने दाबून कळायचं, चवीने नाही. कोणी पाणी दिलं तर ती प्यायची, नाही दिलं तर तहान लागलीय हे ध्यानात यायचं नाही.

सहाव्या दिवशी, पुण्यानुमोदनाच्या आदल्या संध्याकाळी, पायल म्हणाली, "आई, बाबांची वही उद्या फोटोजवळ ठेवूया ना."

वही म्हणजे लाल कापडी पुठ्ठ्याचं लांबोडकं रजिस्टर. राजरत्न टायपिंग इन्स्टिट्यूट चालवायचा, पुढे कॉम्प्युटर शिकवायला लागला. त्याला एक नाद होता. सिनेमात किंवा मालिकेत कुठे जुन्या जमान्यातला, टीव्हीला जोडायचा घरगुती कॉम्प्युटर दिसला की तो कोणत्या बनावटीचा आहे हे ओळखायचं आणि वहीत नोंद करायची. खलनायकाच्या अड्ड्यातला, शास्त्रज्ञाच्या टेबलावरचा, बँकेच्या काउंटरवर नुसताच शोभेला ठेवलेला. एकोणीस वर्षांत चारशेच्या वर नोंदी झाल्या होत्या. लोक हसायचे. यशोधरा पहिली काही वर्षं उठून बघायला यायची. मग तिने यायचं सोडलं.

अशा यंत्रांपैकी एक त्यांच्या घरीही होतं. शाळेने मोडीत काढलेला बीबीसी मायक्रो. त्याचं एक बटण तुटलं होतं. तिथे राजरत्नने इन्स्टिट्यूटमधल्या भंगार मराठी टाइपरायटरचं 'क'चं गोल बटण चिकटवलं होतं. पायल त्याच्यावर आकडे शिकली. गेल्या वर्षी पावसाळ्यात तो मित्राकडे दुरुस्तीला दिला आणि सव्वीस जुलैच्या पुरात मित्राच्या घराबरोबर बुडाला.

वही टीव्हीशेजारच्या फळीवर असायची. मेल्याच्या आदल्या रात्री, शनिवारी, राजरत्न तिच्यात लिहीत बसलेला यशोधराने पाहिला होता. त्याआधी त्याने हाकही मारली होती. "यशो, इकडे ये जरा." ती मेथी निवडत होती. "आले," म्हणाली आणि गेली तोवर जाहिराती लागल्या होत्या. "असू दे, उद्या दाखवतो," तो म्हणाला. काय ते तिने विचारलं नाही.

आता फळीवर वही नव्हती. दोघींनी कपाट, माळा, गाद्यांखाली, सगळीकडे पाहिलं. वही घरातच नव्हती.

२

पुण्यानुमोदनाला बुद्धवंदना झाली, चहा झाला. वहीतल्या नोंदींना साक्षीदार लागे, आणि ते काम राजरत्नचे दोन मित्र करत. दोघेही आले होते. बदलापूर गावातले विष्णुपंत पोंक्षे, गणिताचे निवृत्त मास्तर, वय अडुसष्ट. आणि बदलापूरच्याच खरवईतले दौलतराव जगदाळे, टेलिफोन खात्यातून निवृत्त. पुरात घर गेल्यावर ते खरवईच्या नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले होते. तिसरा एक होता, उल्हासनगरचा लछमनदास. जुन्या वस्तू शूटिंगला भाड्याने द्यायचा. तो आला नव्हता.

गर्दी पांगल्यावर काशी भांडी आवरायला थांबली. ताटं पुसता पुसता म्हणाली, "ताई, त्या दिवशी भाऊजींकडे कोणीतरी आलेलं, तो माणूस आज होता का गं?"

"कोण आलेलं?"

"मी बघितलं नाही. तीन वाजता गिरणीतून पीठ घेऊन आले ना, तेव्हा दार उघडं होतं, पडदा सोडलेला. आत दोघं बोलत होते. एक भाऊजी. दुसरा हळू बोलत होता. म्हटलं, वहीवाल्यांपैकी असेल."

दुपारी दार उघडं टाकून पडदा सोडायची राजरत्नची सवयच होती. सगळ्या मजल्याची होती.

"मग?"

"मग साडेतीनला कपडे काढायला बाहेर आले तर दार बंद. म्हटलं, पाहुणा गेला, आता झोपले असतील." काशीने ताट खाली ठेवलं. "ताई, भाऊजी दार लावून कधी झोपायचे?"

कधीच नाही. यशोधरा हे मोठ्याने बोलली नाही. पाकिटावरची तारीख चुकलेली दिसली की तिच्या मानेपाशी बारीक थंडी वाजायची. तशी ती आता वाजली. सहा दिवसांत अंगाला जाणवलेली ती पहिलीच गोष्ट.

दार ओढून गेलेल्या माणसाने वहीही नेली होती. आणि त्या खुर्चीत राजरत्न तेव्हा जिवंत होता.

३

पायल नाशिकला परतली. शुक्रवारी यशोधरा खरवईला गेली.

दौलतरावांची बायको बकुळा हिने दार उघडलं, तिला जवळ घेतलं आणि चहा ठेवायला आत गेली. दौलतराव बारीक झाले होते. दाढी वाढली होती.

"भाऊजी, यांची वही सापडत नाही."

"वही?" ते थोडे थांबले. "असेल की घरातच. कोण नेणार वहिनी, ती काय सोन्याची आहे?"

"रविवारी तीन वाजता यांच्याकडे कोणीतरी आलं होतं."

दौलतरावांनी चष्मा काढून पुसला. "मी असतो तर वाचला असता राजा. मी इथे सिनेमा बघत बसलेलो. आमच्या केबलवाल्याने लावला होता, अडीच वाजता. ही माहेरी गेलेली, बारवीकडे, भाचीच्या पोराचं बारसं होतं. मी एकटाच." ते उठले आणि स्वतःची छोटी वही घेऊन आले. "हे बघा. तिकडे तो जात होता आणि मी इकडे हे लिहीत होतो."

यशोधराने वाचलं. रविवारची तारीख. दुपारी ३.५०. लोकल केबल. खलनायकाचा अड्डा, काचेची बुटकी तिवई. तिवईवर स्पेक्ट्रम कॉम्प्युटर. काळा, वहीएवढा, रबरी बटणं, उजव्या कोपऱ्यात सप्तरंगी पट्टा.

"तुम्हाला कोणावर संशय आहे का?" तिने विचारलं.

"संशय कसला. पण एक सांगतो, विष्णुपंतांचं आणि राजाचं ह्या वर्षी पटत नव्हतं. पंतांच्या तीन नोंदी राजाने खोडल्या. म्हणाला, सर, तुम्हाला नीट दिसत नाही. मास्तर माणूस, लागलं त्यांना." दौलतराव खाली बघत म्हणाले, "त्यांना विचारून बघा ते रविवारी काय करत होते."

बकुळाने चहा आणला. यशोधराने कप तोंडाला लावला. साखर आहे की नाही हे तिला समजलं नाही.

४

विष्णुपंत झोपाळ्यावर बसून होते. यशोधराने नोंदींचा विषय काढताच म्हणाले, "खोडल्या, बरोबर खोडल्या. मोतीबिंदू होता. दसऱ्यानंतर ऑपरेशन करून घेतलं. आता तुमच्या पदराचे धागे मोजून देतो."

"रविवारी दुपारी तुम्ही कुठे होतात सर?"

विष्णुपंत तिच्याकडे पाहत राहिले. प्रश्नाचा अर्थ त्यांना कळला आणि राग आला नाही. "इथेच. ह्या झोपाळ्यावर. केबलवर सिनेमा होता. तोही वेळेवर नाही, अर्धा तास नुसता निळा पडदा. मी डुलकी काढून घेतली. मग लागला."

"त्यात कॉम्प्युटर दिसला?"

"छे. अख्खा सिनेमा पाहिला. मारामाऱ्या, धूर, एक हेलिकॉप्टर. कॉम्प्युटर एकही नाही. फुकट गेली दुपार."

"खलनायकाच्या अड्ड्यातसुद्धा नाही? तिवईवर?"

"नाही म्हटलं ना."

यशोधराने पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि हात लांब करून धरलं. तिच्या कारखान्यात नव्या मुलींची परीक्षा अशीच घेत. विष्णुपंतांनी चष्मा न लावता बॅच नंबर वाचला, मग तारीख, मग तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात छापलेला लायसन्स नंबर. एकही आकडा चुकला नाही.

डोळे ठीक होते. मग दोघांनी एकच सिनेमा, एकाच केबलवर, एकाच दुपारी पाहिला, तर एकाला दिसलेलं यंत्र दुसऱ्याला का दिसलं नाही? दोघांपैकी एकजण सिनेमा बघत नव्हता. ज्याला काही दिसलं नाही तो, असंच कोणीही म्हणालं असतं. यशोधरालाही क्षणभर तसंच वाटलं.

ती उठली तेव्हा विष्णुपंत म्हणाले, "शनिवारी रात्री उशिरा त्याचा फोन आला होता. त्या उल्हासनगरच्या लछमनदासचा नंबर मागितला. आवाज वेगळा होता. काय झालं विचारलं तर म्हणाला, सर, आधी खात्री करतो, मग सांगतो." ते थांबले. "मी पुन्हा विचारायला हवं होतं."

५

केबलची कंट्रोल रूम म्हणजे बदलापूर स्टेशनजवळच्या एका इमारतीच्या गच्चीवरची पत्र्याची खोली. आत वायरींचं जंगल आणि पाच टीव्ही. खोली सांभाळणारी अक्षदा पंचविशीची, हातात मोबाईल, केसांना क्लिप.

"कंप्लेंट आहे का काकू? कोणता एरिया?"

"कंप्लेंट नाही. मागच्याच्या मागच्या रविवारी दुपारी तुम्ही सिनेमा लावला होता. मला तो बघायचाय. तुम्ही लावला होता तसाच."

अक्षदाने तिच्या कपाळाकडे पाहिलं, गळ्याकडे पाहिलं, आणि काही विचारलं नाही. "व्हीसीडी लायब्ररीची आहे, अजून परत नाही केली. उस दिन बहुत गालियाँ पडी मेरेको. पहिलीच डिस्क अडकली, लायब्ररीतून दुसरा सेट आणायला माणूस पाठवला. अडीचचा पिक्चर तीन वाजता स्टार्ट केला."

"नक्की तीन?"

"तीनला दोन मिनिटं कमी. फोनवर लोक शिव्या देत होते ना, घड्याळच बघत होते मी."

तिने दुसरी डिस्क लावून पुढे पळवली. अड्डा आला. खलनायक सोफ्यावर, पुढ्यात काचेची बुटकी तिवई. तिवईवर काळं, वहीएवढं यंत्र. कोपऱ्यात सप्तरंगी पट्टा. अगदी दौलतरावांनी लिहिल्याप्रमाणे.

म्हणजे दौलतराव खरे होते. विष्णुपंतांनी सिनेमा पाहिला नव्हता. खोलीत एकच स्टूल होतं, ते अक्षदाने पुढे केलं.

"हे असं दिसलं घराघरात?" यशोधराने विचारलं. तिला स्वतःलाच कळलं नाही का विचारलं. कारखान्यातली सवय. माल बाहेर कसा गेला हे विचारायचं, आत कसा होता ते नाही.

"असं कसं? खाली पट्टी असते ना, ॲडची. साडी सेंटर, क्लासेस. त्यातच तर आमचं पोट आहे." अक्षदाने कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं. "त्या रविवारी डबल पट्टी होती. बारवीच्या लाइनचं काम होतं, दोन दिवस पाणी नाही, तर ती नोटीस पण टाकली होती. मोठ्या अक्षरात, लोकांना दिसायला पाहिजे म्हणून. ती फाइल आहे अजून. थांबा, लावते."

पडद्याच्या तळाशी पट्टी चढली. वरच्या ओळीत पाण्याची सूचना, खालच्या ओळीत साड्यांचा सेल. पडद्याचा खालचा तिसरा हिस्सा झाकला गेला. खलनायकाचे गुडघे गेले. तिवई गेली. तिवईवरचा स्पेक्ट्रम गेला.

यशोधरा बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिली.

"काकू, पाणी देऊ?"

"हा सीन सिनेमा सुरू झाल्यावर किती वेळाने येतो?"

अक्षदाने हिशेब केला. "एक तास वीस मिनिटं."

६

उल्हासनगरात लछमनदासचं गोडाऊन शोधायला वेळ लागला नाही. आत जुने रेडिओ, ग्रामोफोन, टेलिफोन, पंखे, छतापर्यंत फळ्या. लछमनदास साठीचा, सफारीतला. राजरत्न गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. ऐकल्यावर त्याने गल्ल्यावरचा टेप बंद केला आणि हात जोडून उभा राहिला.

"भाभी, मला कोणी बोललाच नाही. मी येणार होतो ना. संडेला सकाळी तर फोनवर बात झाली आमची."

"काय बोलले ते?"

"ते टाइपरायटरवाल्या बटणाचं. बोलले, लछमन, काल सीरियलमध्ये मी माझा मायक्रो बघितला. गोल बटण, 'क' लिहिलेला. तुझ्याकडून गेलाय का? मी बोललो, हा, माझ्याकडूनच गेलाय. बोलले, तुला कुणी दिला? मी बोललो, तुमच्याच दोस्ताने. जगदाळेसाहेबांनी."

"कधी दिला?"

"मागच्या वर्षी. बाढ आली ना, त्याच्या आठ-दहा दिवस आधी. पक्का आठवतो मला. बाढीत माझ्या खालच्या फळ्या सगळ्या गेल्या, तो नवीन आलेला म्हणून वरती ठेवला होता, तो वाचला."

पुराच्या आधी. म्हणजे दौलतरावांचं घर बुडालं तेव्हा दुरुस्तीला दिलेलं यंत्र त्यात नव्हतंच. पुरानंतर राजरत्न चिखलात जाऊन चार दिवस त्यांचं घर साफ करत होता. मायक्रोचं नावही काढायचं नाही, दौलतला वाईट वाटेल, असं त्याने घरी बजावलं होतं.

"किती पैसे घेतले त्यांनी?"

"पैसे?" लछमनदासने मान हलवली. "एक रुपया नाही घेतला. बोलले, शूटिंगला जाईल तेव्हा मला सेटवर ने. माझ्या हाताने टेबलावर ठेवू दे. बस. ह्या वर्षी गणपतीनंतर नेला मी त्यांना. दिवसभर बसले. सेटवाल्यांना शिकवत होते, वायर अशी लावा, टीव्ही इथे ठेवा. एकदम खूश."

यशोधराने ऐकून घेतलं. राग यावा असं हे होतं. तो येईल म्हणून ती रिक्षात वाट बघत राहिली. आला नाही. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, कुठे जायचं. ती म्हणाली, "खरवई."

७

वाटेत तिने विष्णुपंतांना घेतलं. दौलतरावांनी दार उघडलं, पंतांना पाहिलं आणि बाजूला झाले. बकुळा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"भाऊजी, तुमची वही द्या," यशोधरा म्हणाली.

त्यांनी दिली. तिने ते पान उघडून विष्णुपंतांच्या हातात ठेवलं. मग ती बोलली ते अगदी सपाट आवाजात, शिफ्ट संपताना सुपरवायझरला रिपोर्ट द्यावा तसं.

"सर, तुम्हाला ह्या तिवईवर काही दिसलं नाही, कारण खाली पाण्याच्या सूचनेची पट्टी होती. मी आज बघून आले. तिवईच दिसत नव्हती. त्या दिवशी केबलवर कोणालाच स्पेक्ट्रम दिसू शकत नव्हता. ज्याला दिसला त्याने तो आधी कधीतरी सीडीवर पाहिलेला होता."

"मला आठवला असेल," दौलतराव म्हणाले. "आठवणीने लिहिलं असेल, वहिनी. पट्टी होती हे खरं, मी..."

"वेळ कशी आठवली? अडीचला सिनेमा सुरू, एक तास वीस मिनिटांनी सीन, तीन पन्नास. तुम्ही बेरीज केलीत. पण त्या दिवशी सिनेमा तीनला लागला. सरांनी अर्धा तास निळा पडदा पाहिला. तुम्ही टीव्हीसमोर असतात तर चार वीस लिहिलं असतंत. तुम्ही अडीचला घरातून निघाला होतात."

विष्णुपंतांनी वहीतल्या त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"लछमनदासने मायक्रो कोणी दिला आणि कधी दिला ते यांना सकाळी सांगितलं होतं. यांनी तुम्हाला बोलावलं. तीनला तुम्ही बोलत होतात, काशीने ऐकलं. साडेतीनला दार बंद होतं."

दौलतराव खुर्चीत बसले नाहीत, भिंतीला टेकून तसेच खाली बसले.

"भांडला नाही तो. भांडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, दौलत, मागितला असतास तर मी स्वतः तुझ्याबरोबर सेटवर आलो असतो. पुराचं कशाला सांगितलंस. एवढंच. चारशे नोंदी केल्या वहिनी, सगळं दुसऱ्यांनी ठेवलेलं बघून. मला एकदा ठेवायचा होता. मग पूर आला, तर तोंडातून तेच निघालं. नंतर परत घेता येईना."

"मग?"

"मग त्याने छातीला हात लावला. म्हणाला, डॉक्टरला बोलव. मी उठलो. फळीवर वही दिसली. तिच्यात माझं नाव असणार हे मला माहीत होतं. ती घेतली." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "डॉक्टरकडेच निघालो होतो. खालपर्यंत गेलो. नाक्यापर्यंत गेलो. डॉक्टर विचारेल काय झालं, राजा सांगेल काय झालं. तिथे रिक्षा उभी होती. मी स्टेशन म्हणालो."

"तुम्ही निघालात तेव्हा ते बोलत होते?"

"हो."

"काय म्हणाले?"

"दार उघडं ठेव म्हणाला."

विष्णुपंतांनी डोळे मिटले. काशी तिथून सहा पावलांवर होती. पीठ चाळत होती.

"मी ओढलं," दौलतराव म्हणाले. "का ओढलं ते मला माहीत नाही. दहा-बारा रात्री विचार करतोय."

बकुळा पुढे झाली. तिने दिवाणाची गादी उचलली. खाली लाल कापडी पुठ्ठा होता. तिला तो सापडलेला होता की नुसता अंदाज होता, कोण जाणे. तिने वही यशोधराच्या मांडीवर ठेवली.

"जाळायची होती," दौलतराव म्हणाले. "हात झाला नाही."

यशोधराने शेवटचं पान काढलं. राजरत्नचं अक्षर टाइप केल्यासारखं सरळ. शनिवार. मालिकेचं नाव. बीबीसी मायक्रो, 'क' असलेला. आपला. त्याखाली: लछमनला विचारणे, दौलतशी बोलणे. त्याखाली आणखी एक ओळ होती. पुनर्प्रक्षेपण रविवार रात्री दहा, यशोला दाखवणे.

रविवारी रात्री दहाला घरात माणसं होती आणि टीव्हीवर चादर टाकलेली होती. तिने ती ओळ पुन्हा वाचली आणि वही मिटली.

"पोलिसांत जायला हवं," विष्णुपंत म्हणाले. "काय होईल ते होवो. कायद्यात ह्याला काय म्हणतात मला माहीत नाही. पण लिहिलं गेलं पाहिजे."

दौलतराव म्हणाले, "मी जातो. उद्या सकाळी जातो."

बकुळाने गॅस बंद केला. पदर खोचला. घराची किल्ली खिळ्यावरून काढली.

"आत्ताच," ती म्हणाली. "आणि मी बरोबर येते. ह्यांना एकटं सोडलं तर पाय दुसरीकडे वळतात."

चौघं एका रिक्षात मावत नव्हती. विष्णुपंत आणि दौलतराव पुढच्या रिक्षात, दोघी मागच्या. वाटेत बकुळा एकदाच बोलली. "त्या दिवशी बारशाला जाऊ नको म्हणाले असते तर मी राहिले असते."

यशोधराने सरकून जागा दिली.

अंबरनाथच्या चौकीत हवालदार जेवून नुकताच आला होता. त्याने सगळं ऐकलं, दोनदा विचारलं की मारलं वगैरे नाही ना, आणि नाही म्हटल्यावर जरा वैतागला. खून नाही, मारहाण नाही. चोरी म्हणावी तर एक वही, तीही परत आलेली. पण साहेबांनी आतून सांगितलं, जबाब घे, पुढचं वकील बघतील. मग त्याने कागदांमध्ये कार्बन घातला. दौलतराव सावकाश सांगत गेले, काही न वगळता, दार ओढल्याचंही. हवालदार लिहीत गेला. लिहिता लिहिता त्याचा वेग कमी झाला.

मग त्याने नवा कागद घेतला आणि यशोधराकडे वळला.

"बाई, तुमचं नाव."

तिने सांगितलं.

"राहणार?"

तिने सांगितलं. पिनकोडसकट.

"मयताशी नातं?"

एवढ्या दिवसांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना माहीतच होतं. तिने तोंड उघडलं. शब्द साधा होता, रोजचा होता, आणि तो येईना. तिने पुन्हा प्रयत्न केला. गळ्यातून भलताच आवाज निघाला, तिच्या ओळखीचा नसलेला, आणि तो थांबेना. टेबलाची कड तिने दोन्ही हातांनी धरून ठेवली.

हवालदाराने पेन खाली ठेवलं.

"बायको," बकुळा म्हणाली. "लिहा. बायको."